सातवा बार

पिंपळगाव राजाच्या शिवारात गेल्या चाळीस वर्षांत जेवढ्या विहिरी खोदल्या गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त विहिरींच्या तळाला तुळशीरामचे पाय लागलेले आहेत. हे तो स्वतःच सांगतो, आणि त्यात काही खोटं नाही. तुळशीराम खोटं बोलणाऱ्यांतला माणूसच नव्हे. दुसरे सगळे बोलतात, एवढंच त्याचं म्हणणं असायचं.

हे म्हणणं मधल्या दोन वर्षांत फारच बळावलं. ओट्यावर बसल्या बसल्या रस्त्यानं दोन माणसं बोलत गेली की तो त्यांच्या ओठांकडे टक लावून बघायचा. त्यातला एक हसला की झालं, याचा दिवस नासला. का हसला? इकडे बघूनच का हसला? चुलीपाशी त्याची बायको सरस्वतीबाई सुनेला काहीतरी सांगायची आणि दोघी एकदम त्याच्याकडे बघायच्या. तुळशीरामच्या हातातली भाकर तिथंच थांबायची. मुलगा शेखर मोबाइल कानाला लावून अंगणात गेला तरी त्याला वाटायचं, हा मुद्दाम बाहेर गेला. वास्तविक शेखर याच्या मांडीवर बसून बोलला असता तरी याला काय ऐकू येणार होतं! पण एवढा विचार करायला मन जागेवर लागतं, आणि तुळशीरामचं मन दोन वर्षांपूर्वी एका विहिरीच्या काठावर जे बिथरलं, ते जागेवर आलंच नव्हतं.

तो दिवस सांगायचा तर आधी विहिरीचं थोडं सांगावं लागेल.

माती उपसून झाली की मुरूम लागतो, आणि मुरमाखाली काळा कडक दगड. हा दगड टिकावाला भीक घालत नाही. मग त्याला भोकं पाडायची, भोकांत बारूद ठासायची, वाती पेटवायच्या आणि सगळ्यांनी दोन वावरं लांब पळायचं. वाती मुद्दाम कमीजास्त लांबीच्या कापतात, म्हणजे बार एकामागून एक उडतात. का, तर मोजता यावेत म्हणून. सात भोकं भरली असतील तर सात आवाज झाले पाहिजेत. सहाच झाले तर एक बार खाली जिवंत आहे, आणि मग त्या दिवशी त्या विहिरीत कुणी उतरायचं नाही, मालकानं कितीही कटकट केली तरी. मोजायचं काम टोळीतल्या एकाच माणसाचं. तो ‘उतरा’ म्हणाला की उतरायचं. पण जो ‘उतरा’ म्हणतो त्यानं आधी स्वतः उतरायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागून. हा रिवाज कुणी कागदावर लिहिलेला नाही, आणि मोडल्याचंही कुणाला आठवत नाही.

तुळशीराम अठ्ठावीस वर्षं मोजणारा होता. एकोणिसाव्या वर्षी घमेली वाहायला म्हणून तो टोळीत शिरला आणि तेव्हाच त्याची फकीर मोहम्मदशी जोडी जमली. फकीर मोहम्मद बार भरणारा. चिलीम भरावी तितक्या सावकाशीनं तो बारूद भरायचा. कुणी घाई केली तर हात बाजूला ठेवून खुशाल बसून राहायचा. त्यानं भरायचं आणि यानं मोजायचं. एवढ्या वर्षांत दोघांच्या विहिरीत माणूस तर सोडाच, कुणाचं नखही गेलं नाही. लहानग्या शेखरला विंचू चावला तेव्हा त्याला सायकलच्या नळीवर बसवून खामगावपर्यंत दामटत नेणारा फकीर मोहम्मदच होता. तुळशीराम त्या दिवशी दुसऱ्याच गावाला, विहिरीच्या तळाशी होता.

आता बारांशी एवढी वर्षं संसार केल्यावर कान कुणाचे टिकतात? पुढे दगडाला भोकं पाडायला कॉम्प्रेसर आला आणि दिवसभर डोक्याशी धडधड सुरू झाली. तुळशीरामला आधी चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, मग भजनातले टाळ, मग बायको. कुणी विचारलं तर म्हणायचा, “थोडं कमी येते.” बायकोची बडबड ऐकू येत नाही याचं त्याला काही वर्षं दुःख झालं असं काही म्हणता येणार नाही. पण बार आपल्याला ऐकू येतात, यावर तो ठाम होता. मोजताना मात्र तो चपला काढून ठेवू लागला होता. विचारलं तर सांगायचा, पायाले गार वाटते.

त्याच सुमारास फकीर मोहम्मदला एक भलतीच खोड लागली. बार उडायला लागले की तो तुळशीरामशेजारी उकिडवा बसायचा, मूठभर खडे घ्यायचा आणि एकेक खडा त्याच्या पायावर मारत राहायचा. एकदा एक खडा चांगला नडगीवर बसला.

“काय करून राह्यला बे? मातला काय?” तुळशीराम ओरडला.

फकीर मोहम्मद दाढीतल्या दाढीत हसला, आणि पुढच्या बाराला पुन्हा खडा मारला. तुळशीरामला वाटलं, याला म्हातारचळ लागला. बारूद हाताळणाऱ्या माणसाला चळ लागणं बरं नव्हे, असंही त्याला वाटलं, आणि तेव्हापासून तो त्याच्याकडे जरा तिरक्या नजरेनं बघायला लागला.

मग तो मे महिन्यातला दिवस. सात भोकं भरली होती. वाती पेटल्या, टोळी पळाली, तुळशीराम निंबाखाली डोळे मिटून अनवाणी उभा राहिला. तळपायाला धक्के लागत गेले. सात झाले. “उतरा!” म्हणून त्यानं हाळी दिली आणि रिवाजाप्रमाणे पहिला पाय आपला म्हणून विहिरीकडे चालू लागला. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच मागून फकीर मोहम्मदनं त्याची बंडी धरून असा हिसका दिला की दोघंही खोदाईच्या ढिगाऱ्यावर उताणे पडले. फकीर मोहम्मदचं तोंड वेडंवाकडं होत होतं, आणि तो बोटं नाचवत होता. एका हाताची पाच आणि दुसऱ्याचं एक.

“सात झाले!” तुळशीराम म्हणाला.

सहा बोटं.

“सात!”

टोळीकडे बघितलं, तर सगळ्यांच्या माना खाली. जो माणूस अठ्ठावीस वर्षं मोजतो, त्याचा आकडा टोळीदेखत खोटा ठरवायचा म्हणजे चारचौघांत थोबाडीत मारण्यासारखंच झालं. तुळशीराम उठला, बंडी झटकली आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी म्हणे त्या विहिरीत पाणी सोडून न उडालेला बार निकामी केला. म्हणे! पाहिलं कुणी? टोळीनं. टोळी कुणाची? फकीर मोहम्मदची. त्यानं त्या बाराची भिजलेली वात चिंधीत बांधून घरी पाठवली होती. तुळशीरामनं ती उकिरड्यावर फेकली. वातीचं काय, कुठूनही आणता येते. त्यानंतर टोळीत मोजायला फकीर मोहम्मद उभा राहू लागला. मग काय, संशयाला खुंटाच मिळाला.

“त्याले माही जागा पाहिजे होती,” तो सरस्वतीबाईला सांगायचा, “म्हणून त्यानं साताचे सहा केले.”

सरस्वतीबाई काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. हेही तुळशीराम बघून ठेवायचा. दोन वर्षं त्यानं फकीर मोहम्मदच्या गल्लीत पाय टाकला नाही.

यंदाच्या मे महिन्यात मात्र निरोपांवर निरोप येऊ लागले. फकीर मोहम्मदचे गुडघे गेले होते, चार पावलं टाकली की दम लागायचा. त्याचा मुलगा जाकीर भुसावळला असतो, तो बापाला कायमचा तिकडे घेऊन चालला होता. शुक्रवारी पहाटे गाडी सांगितलेली होती. निरोप एकच, जायच्या आधी एकदा भेट. पहिला सोमवारी आला, दुसरा मंगळवारी, तिसरा बुधवारी. सरस्वतीबाईला लिहिता येत नाही. तिनं हनुवटीखाली हात नेऊन दाढी दाखवली, हातानं गाडीचं चाक फिरवलं, बोटांवर शुक्रवार मोजून दाखवला आणि शेवटी हात जोडले.

“आधी सात म्हण म्हणाव त्याले,” तुळशीराम म्हणाला. “मंग येतो.”

त्यातच तो कागद निघाला.

सून अनुपमा चिखलीची. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, घरीच दहावीच्या मुलांचे इंग्रजीचे क्लास घेते. तुळशीराम तिच्याशी मर्यादेनं वागायचा, पण नजर ठेवून असायचा. एक तर शिकलेली, आणि दुसरं म्हणजे तिचे ओठ बारीक, त्यावरून काहीच वाचता यायचं नाही. ती बोलायची ते पाटीवर लिहून. गेल्या शनिवारी ती त्याला कान तपासायला जिल्ह्याला घेऊन गेली होती. तिथं एका बंद खोलीत बसवून कानांना डबड्या लावल्या आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तुळशीराम अंगठा तयार ठेवून बसला, आणि बसल्या बसल्या तपासणी संपली. डॉक्टरनं कागद लिहून दिला. तो वाचताना अनुपमाचे ओठ आणखी बारीक झाले. घरी आल्यावर तिनं सासूला काहीतरी सांगितलं, सासूनं पदर डोळ्यांना लावला, आणि तो कागद नेहमीच्या पेटीत न जाता अनुपमाच्या कपाटात गेला. डोळे शाबूत असलेल्या माणसासमोर एवढं सगळं करायचं, आणि त्यानं गप्प बसावं अशी अपेक्षा करायची!

गुरुवारी सकाळी अनुपमा क्लास घेत होती तेव्हा त्यानं कपाट उघडलं. हे करावं की करू नये, असा प्रश्नच त्याला पडला नाही. आपल्यावर पाळत आहे तर आपणही पाळत ठेवावी, यात त्याला काही वावगं वाटेना. कपाटात एक सोडून दोन कागद निघाले, एकाला एक टाचलेले. वरचा शनिवारचा, खालचा सव्वातीन वर्षांपूर्वीचा, खामगावच्या कानतपासणी शिबिरातला. दोन्हींवर त्याचंच नाव, त्याचाच फोटो. तुळशीराम मराठी चौथीपर्यंत शिकलेला. इंग्रजी येत नाही. पण मोजता तर येतं! त्यानं ओळीशेजारी ओळ धरून अक्षरं मोजली. एका ओळीत जुन्या कागदावर सहा अक्षरांचा शब्द होता, तिथंच नव्या कागदावर आठ अक्षरांचा. बाकी ओळ जशीच्या तशी.

म्हणजे याच दोन कागदांच्या मधे आपल्याबद्दल काहीतरी बदलून लिहिलं गेलं. काय? वेडा झाला, असं. दुसरं काय असणार? बायको रडली ती उगाच नाही. सरकारी कागदावर एकदा वेडा ठरला की त्याच्या साताला कोण विचारतो? फकीर मोहम्मद निवांत भुसावळला जायला मोकळा, आणि गावात कायमचे सहाच राहणार. तुळशीरामला सगळं लख्ख जुळलं.

त्यानं तो आठ अक्षरांचा शब्द कॅलेंडरच्या फाटक्या पानावर चित्र काढावं तसा उतरवून घेतला आणि बसस्टँडजवळच्या ऑनलाइन कामांच्या दुकानात गेला. दुकानदार अविनाश शेखरचा मित्र, म्हणून तेवढा शब्द दाखवून बाकीचं पान त्यानं तळहाताखाली झाकून ठेवलं. अविनाशनं मोबाइलवर अक्षरं दाबली आणि पडदा त्याच्यापुढे धरला. वर मराठीत उच्चार होता, प्रोफाऊंड. खाली अर्थ: गहन, सखोल, तीव्र.

तुळशीरामनं ‘सखोल’वर बोट ठेवलं. “हे तं इहिरीचं हाय. माणसाच्या कागदावर इहीर कायले?”

अविनाश हसला. बिचारा साधाच हसला असेल, पण तुळशीरामनं कागद हिसकून घेतला आणि चालू लागला. आता तर त्याला वेडापेक्षाही वाईट वाटत होतं. खोल! विहिरीची गोष्ट डॉक्टरपर्यंत गेली होती. त्या दिवशीचा तो बार, ती शिडी, ते सहा आणि सात, सगळं कुणीतरी जिल्ह्याला जाऊन सांगितलं होतं, आणि ते सरकारी शिक्का मारून कायमचं लिहिलं गेलं होतं.

घरी आला तेव्हा क्लास नुकताच सुटला होता. त्यानं दोन्ही कागद अनुपमापुढे टाकले.

“इहिरीचं कोणं सांगतलं डाक्टरले? फकीरनं? का तू?”

अनुपमाला आधी काही उमजेना. कपाट उघडल्याबद्दल ती काही बोलली नाही. तिनं कॅलेंडरचं पान बघितलं, त्यावरची वळणदार धडपड बघितली, आणि पाटी घेऊन समोर बसली. लिहिलं: मामाजी, हा शब्द तुमच्या कानांबद्दल आहे.

“कानाले खोल कोण म्हणते? मले काय येडा समजली?”

आता अनुपमा होती शिकवणारी बाई. कुणी शब्दावर अडलं की तिला राहवत नाही. ती उठली, कॉलेजात बक्षीस मिळालेला जाडजूड शब्दकोश घेऊन आली आणि त्यात बघून पाटीवर लिहू लागली. हा शब्द लॅटिन नावाच्या फार जुन्या भाषेतून इंग्रजीत आला. त्या भाषेत ‘फुंदुस’ म्हणजे तळ. ‘प्रो’ म्हणजे पुढे, थेट. थेट तळाकडे गेलेला, तो प्रोफाऊंड. तुळशीरामनं वाचून होईपर्यंत ती थांबली, पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. आधी पाण्याला, खड्ड्याला म्हणायचे. मग जे जे फार असतं, ज्याच्यापुढे आणखी काही उरत नाही, त्या सगळ्याला म्हणू लागले. दुःखाला, झोपेला, शांततेला.

‘शांततेला’वर तुळशीरामची नजर थांबली. ती शांतता त्याच्या ओळखीची होती. पन्नास फुटांवर सगळे वर गेल्यावर शेवटचा माणूस एकटा तळाशी उभा असतो, वर ताटाएवढं आभाळ दिसतं, तेव्हाची. शनिवारी त्या बंद खोलीत बटणावर अंगठा ठेवून बसला होता, तेव्हाही तीच होती.

“अन् हे जुनं? सहा अक्षरांचं?”

सिव्हिअर, तिनं लिहिलं. हाही लॅटिनच. म्हणजे कडक. डॉक्टर लोक बहिरेपणाच्या पायऱ्या मोजतात. पहिली माइल्ड, म्हणजे मऊ. दुसरी मॉडरेट, म्हणजे मापातली. तिसरी कडक. चौथी तळाची.

तुळशीरामनं तिच्या हातातला खडू घेतला. पाटीवर दोन उभ्या रेघा ओढल्या, त्यांच्यामधे आडव्या रेघा मारल्या आणि वरून खाली लिहीत गेला: माती, मुरूम, दगड, तळ.

“असं?”

अनुपमानं पाटीकडे बघून मान हलवली. तुळशीरामला हसू आलं. कित्येक महिन्यांत घरानं ते पाहिलं नव्हतं.

“म्हंजे हे लोकंही इहिरीत उतरलेले हायेत तं!”

त्याला खरोखरच बरं वाटलं होतं. आपल्याबद्दल वेडंवाकडं काही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं होतं ते कुणा जाणत्यानं, मोजून मापून. सून खोटं बोलत नव्हती. तो आपल्या चित्राकडे बघत बसला, आणि बघता बघता त्याचं बोट तळावरून वर सरकून दगडावर आलं.

“मी दगडात कवा होतो?”

अनुपमानं जुन्या कागदावरची तारीख दाखवली. जानेवारी. तुळशीराम बोटांवर मोजू लागला. तो सात बारांचा मे महिना या जानेवारीनंतर सोळा महिन्यांनी आला होता.

“दगडात असल्यावर बार ऐकू येते?”

अनुपमानं खडू उचलला, ठेवला, परत उचलला. कानाशी ढोल वाजला तर कळेल. लांबचा, जमिनीच्या पोटातला आवाज नाही. तिनं लगेच पाटी पुसली, पण ‘नाही’ त्याचं वाचून झालं होतं.

सोळा महिने. त्या सोळा महिन्यांत अकरा विहिरी झाल्या होत्या, हे त्याला तोंडपाठ होतं. दर विहिरीला कितीतरी वेळा बार उडाले, दर वेळी त्यानं मोजले, ‘उतरा’ म्हणाला, आणि पहिला उतरला. एकदाही चुकला नाही. ज्याला ढोलाशिवाय काही ऐकू येत नव्हतं, तो माणूस कशानं मोजत होता? तळपायानं? तळपायाला तर वाटेनं जाणारा ट्रॅक्टरही कळतो, आणि विहिरीत ढासळलेली दरडही. मग बरोबर कसं यायचं?

तेव्हा त्याला नडगीवर बसलेला खडा आठवला.

अनुपमानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. सरस्वतीबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे न बघताच त्यानं विचारलं, “फकीरले कोणं सांगतलं?”

हा प्रश्न कधी ना कधी येणार म्हणून ती सव्वातीन वर्षं जीव मुठीत धरून होती. तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग पदर दोन्ही हातांनी पसरून दाखवला, आणि रडता रडता बोलत राहिली. अनुपमा ते पाटीवर उतरवत गेली. शिबिरातल्या डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं. पण इहीर सुटली तं हा माणूस खाटेले लागन, या भीतीनं तिनं सगळ्यांची तोंडं बंद केली आणि एकटी फकीर मोहम्मदच्या दारात गेली. त्यानं एवढंच म्हटलं होतं, “भाभी, तुम्ही घरी जा. मी हाव नं. मोजतो मी, अन् कळवतो त्याले. तोच मोजून राह्यला असं त्याले वाटू द्या.”

म्हणजे सगळे आपल्यामागे काहीतरी करताहेत, हा तुळशीरामचा संशय शंभर टक्के खरा होता. बायको, सून, दोस्त, सगळे सामील होते. आणि संशय खरा ठरल्यावर माणसाला इतकी लाज वाटू शकते, हे त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी निंबाखाली पायावर खडे सहाच पडले होते, हे त्याला आत्ता आठवत होतं. सातवा धक्का खड्याविना आला होता. जिवंत बारावर ठेवायला निघालेला पाय ज्यानं मागे ओढला, त्याला दोन वर्षं त्यानं चोर म्हटलं होतं.

“मी नालायक हाव,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नव्हतं. शेजारच्या घरातून माणसं बाहेर आली.

तो उठला. ऊन मी म्हणत होतं, सरस्वतीबाईनं दुपट्टा पुढे केला तोही त्यानं घेतला नाही. गावाबाहेरच्या एका जुन्या विहिरीच्या काठावर, त्या दोघांनीच पाडलेल्या, काळ्या दगडाच्या कपच्यांचा ढीग अजून होता. तिकडून वळसा घालून तो फकीर मोहम्मदच्या गल्लीत शिरला. गल्लीतली दोन माणसं त्याच्याकडे बघून काहीतरी बोलली. काय बोलली असतील, हे त्याच्या मनातही आलं नाही.

दारात गाठोडी बांधून ठेवली होती. जाकीर ट्रंकेला दोरी आवळत होता; तुळशीरामला बघून त्यानं दोरी तशीच सोडली आणि बाजूला झाला. अंगणातल्या बाजेवर फकीर मोहम्मद पाय खाली सोडून बसला होता. दोन वर्षांत त्याची दाढी पार पांढरी झाली होती आणि गुडघे बोरीच्या गाठींसारखे वर आले होते. त्यानं तुळशीरामकडे बघितलं. काही बोलला नाही. बोलून काही उपयोग नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तुळशीराम त्याच्या पायाशी उकिडवा बसला. मुठीतून एक कपची काढून त्यानं ती फकीर मोहम्मदच्या पायावर टाकली. थोडं थांबला. दुसरी टाकली. फकीर मोहम्मदचे ओठ हलले, आणि दाढीआडचे ते ओठ तुळशीरामला आज स्वच्छ वाचता आले: दो. मग तीन. मग चार, पाच. प्रत्येक कपचीला म्हातारा ओठांतल्या ओठांत मोजत होता. सहावी पडली.

त्यानंतर फकीर मोहम्मद त्या मुठीकडे बघत थांबला. तुळशीरामनं मूठ त्याच्यासमोर नेली आणि उघडली. ती रिकामी होती.

“सहाच होते, फकीरभाई,” तो म्हणाला. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. “सहाच होते.”

फकीर मोहम्मदनं वाकून दोन्ही हातांनी त्याची बंडी धरली, त्या दिवशी धरली होती तशीच, आणि या वेळी सोडली नाही.